मोटारीच्या बाह्यरेषेचे लघुकरण

मोटारीच्या बाह्यरेषेचे लघुकरण म्हणजे अस्तित्वात असलेल्या मोटारीची आकृती आधाराला घेऊन तिच्यापासून कमी लांबीची नवी मोटार घडवण्याची आरेखन-प्रक्रिया होय. मोटारीकडे बाजूने पाहिले असता बॉनेटच्या टोकापासून काच व छतावरून डिकीपर्यंत जाणारी जी सलग रेषा दिसते, तिला बाह्यरेषा म्हणतात. वरकरणी हे काम नकाशा लहान करण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मात्र मोटारीची सर्व मापे एकाच गुणकाने कमी करता येत नाहीत, कारण मोटार लहान झाली तरी आत बसणाऱ्या माणसाचे माप तेवढेच राहते. त्यामुळे कोणती मापे कायम ठेवायची, कोणती कमी करायची आणि उरलेल्या रेषा नव्याने कशा जुळवायच्या, हा निर्णय या प्रक्रियेचा गाभा आहे.

भारतात २००६ सालानंतर या प्रक्रियेला विशेष महत्त्व आले. चार मीटरपर्यंत लांबीच्या मोटारींना करात सवलत मिळू लागल्याने अनेक उत्पादकांनी आपल्या लांब मोटारींच्या आखूड आवृत्त्या बाजारात आणल्या. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात अशा काही मोटारी तयार झाल्या. टाटा इंडिगो सीएस, फोक्सवॅगन आमियो आणि स्कोडा कायलाक ही त्यांपैकी प्रमुख उदाहरणे आहेत.

पार्श्वभूमी: चार मीटरची मर्यादा

२००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. त्यासाठी लहान मोटारीची व्याख्या दोन निकषांवर करण्यात आली. पहिला निकष लांबीचा: मोटारीची एकूण लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. दुसरा निकष इंजिनाचा: पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत, तर डिझेल इंजिन १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे असावे. २००८-०९ च्या अर्थसंकल्पात हा दर १६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावरही ही विभागणी कायम राहिली. पेट्रोल व डिझेल मोटारींवर २८ टक्के कर आणि त्यावर उपकर अशी रचना झाली; लहान मोटारींवरील उपकर मोठ्या मोटारींच्या तुलनेत बराच कमी ठेवण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन लहान मोटारींवर १८ टक्के, तर त्यांहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के असे दर लागू झाले. वीस वर्षांत दर अनेकदा बदलले, परंतु ४,००० मिलिमीटरची रेषा बदलली नाही.

या मर्यादेचे वैशिष्ट्य असे की ती रुंदी, उंची किंवा वजन यांना लागू होत नाही. जपानमधील 'केई' वर्गाच्या मोटारींना लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि उंची २ मीटर अशा तिन्ही दिशांच्या मर्यादा आहेत. शिवाय इंजिन ६६० घनसेंटिमीटरपर्यंतच चालते. भारतातील नियम केवळ एका दिशेने मोजतो. म्हणून भारतीय लघुकरण हेही प्रामुख्याने एकाच दिशेचे, म्हणजे लांबीचे लघुकरण आहे.

औद्योगिक पट्ट्याचे स्थान

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी परिसरात कारखानदारी वेगाने वाढली. टाटा उद्योगसमूहातील टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिने १९६६ साली पुण्यात अभियांत्रिकी संशोधन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनचाचणी संस्था स्थापन झाली. पुढे औद्योगिक विस्तार पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणकडे सरकला. फोक्सवॅगनच्या चाकण येथील कारखान्याचे उद्घाटन २००९ साली झाले.

लघुकरणाच्या दृष्टीने या पट्ट्याचे महत्त्व असे की येथे आरेखन, पत्र्याचे भाग दाबून काढणारी प्रेस शॉप, साचे बनवणाऱ्या टूलरूम, सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग आणि चाचणीची सोय एकमेकांच्या जवळ आहेत. बाह्यरेषा काही मिलिमीटरने बदलली तरी तिचा परिणाम पत्र्याच्या साच्यापासून दिव्याच्या काचेपर्यंत अनेक भागांवर होतो. त्यामुळे या कामात रचनाकार आणि साचा करणारा कारागीर यांच्यात सतत देवाणघेवाण करावी लागते.

भूमिती

आकृती लहान करण्याच्या दोन मूलभूत पद्धती आहेत.

एकसमान लघुकरणात लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींना एकाच गुणकाने गुणले जाते. आकृतीचे रूप तंतोतंत तेच राहते. ४,१५० मिलिमीटर लांबीची मोटार ३,९८८ मिलिमीटरवर आणायची असल्यास गुणक सुमारे ०.९६१ येतो. या गुणकाने १,६२० मिलिमीटर रुंदी १,५५७ मिलिमीटर होते आणि १,५४० मिलिमीटर उंची १,४८० मिलिमीटर होते. म्हणजे प्रवाशाच्या खांद्याजवळील आणि डोक्यावरील जागा सुमारे सहा सेंटिमीटरने घटते. क्षेत्रफळ गुणकाच्या वर्गाने, तर घनफळ गुणकाच्या घनाने कमी होत असल्यामुळे लांबी केवळ ४ टक्क्यांनी घटली तरी एकूण घनफळ ११ टक्क्यांहून अधिक घटते. कर वाचवण्यासाठी ज्या मापांना हात लावण्याची गरज नव्हती, तीही या पद्धतीत वाया जातात.

एकदिश लघुकरणात फक्त लांबी गुणकाने कमी केली जाते. रुंदी व उंची कायम राहतात. घनफळ या वेळी ४ टक्क्यांनीच घटते. परंतु दोन नव्या अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण चाकांची आहे. वर्तुळ एकाच दिशेने दाबले की ते लंबवर्तुळ होते. चाक व त्याभोवतीची कमान मात्र वर्तुळाकारच असावी लागते. तीच गोष्ट दाराच्या रुंदीची, आसनांची आणि दिव्यांची. दुसरी अडचण वक्रतेची आहे. एखाद्या सपाटसर वक्ररेषेची लांबी गुणकाने कमी करून उंची तीच ठेवली, तर तिची वक्रता गुणकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. छताचा मागील उतार ०.८ पट लांबीत बसवला की त्याची वक्रता सुमारे १.५६ पट होते. जो उतार मूळ मोटारीत सौम्य दिसत होता, तोच आता अचानक खाली पडल्यासारखा दिसतो.

म्हणून प्रत्यक्ष कामात या दोन्ही पद्धती जशाच्या तशा वापरल्या जात नाहीत. बाह्यरेषेचे भाग पाडले जातात, प्रत्येक भागाला वेगळा नियम लावला जातो आणि शेवटी सांध्यांवरील वक्ररेषा नव्याने काढल्या जातात.

लांबीचे तीन भाग

मोटारीची एकूण लांबी तीन भागांची बेरीज असते. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतराला व्हीलबेस म्हणतात. पुढच्या आसापासून पुढच्या बंपरपर्यंतचे अंतर म्हणजे पुढचा ओव्हरहँग आणि मागच्या आसापासून मागच्या बंपरपर्यंतचे अंतर म्हणजे मागचा ओव्हरहँग होय. लांबी कमी करायची तर या तिघांपैकी कोणाला तरी आखूड व्हावे लागते.

व्हीलबेस प्रामुख्याने प्रवाशांच्या जागेशी निगडित असतो. तो कमी केला की मागील आसनावरील व्यक्तीच्या गुडघ्यांसमोरील जागा घटते. शिवाय व्हीलबेस बदलल्यास तळाचा सांगाडा, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सरची नळी यांत बदल करावे लागतात, तसेच वाहनाच्या स्थैर्याची गणिते नव्याने मांडावी लागतात. त्यामुळे हे सर्वांत खर्चिक माप असते.

पुढच्या ओव्हरहँगमध्ये रेडिएटर, बंपरची तुळई आणि टक्कर झाल्यास चेपून ऊर्जा शोषून घेणारा पट्टा असतो. आडव्या बसवलेल्या इंजिनाचा बराचसा भागही तेथेच येतो. समोरासमोरच्या धडकेत प्रवाशाचे रक्षण हा भाग करत असल्याने त्यातून थोडेच मिलिमीटर मिळू शकतात.

मागच्या ओव्हरहँगमध्ये मुख्यतः डिकी, सुटे चाक आणि मागील बंपर असतो. येथेही मागून होणाऱ्या धडकेचा विचार करावा लागतो. परंतु इतर दोन भागांच्या मानाने येथे कपात करणे सोपे असते. परिणामी भारतातील बहुसंख्य लघुकृत मोटारींमध्ये कात्री मागील बाजूसच लागलेली दिसते.

कार्यपद्धती

लघुकरणाची सुरुवात बाहेरून नव्हे, तर आतून होते. प्रथम आसनावर बसलेल्या माणसाचा कंबरेचा बिंदू निश्चित केला जातो. धड आणि मांडी जेथे जोडली जाते त्या ठिकाणचा हा बिंदू असून, वाहन-आरेखनात तो सर्व मापांचा आरंभबिंदू मानतात. उंच पुरुष व ठेंगणी स्त्री अशा दोन टोकांच्या शरीरमापांच्या प्रतिकृती त्या बिंदूवर बसवून डोके, गुडघे, टाच आणि दृष्टिरेषा यांसाठी लागणारी जागा आखली जाते. त्यानंतर इंजिन, इंधनटाकी, चाके आणि त्यांच्या वळण्याची जागा मांडली जाते. ही मांडणी झाल्यावर जी किमान आकृती उरते, तिच्या आत बाह्यरेषेला शिरता येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात मूळ मोटारीची बाजूची आकृती आणि ही अंतर्गत मांडणी एकमेकींवर ठेवून पाहतात. कोणत्या ठिकाणी पत्रा व प्रवासी यांच्यात शिल्लक जागा आहे आणि कोणत्या ठिकाणी ती संपली आहे, हे या वेळी कळते. बाह्यरेषा पूर्ण आकारात भिंतीवर काळ्या लवचीक चिकटपट्टीने काढण्याची जुनी पद्धत आहे. पट्टी थोडी उचलून पुन्हा लावता येत असल्याने रेषेतील बारीक फरक डोळ्यांनी पारखता येतो. संगणकावरील आरेखन रूढ झाल्यानंतरही अनेक ठिकाणी ही पद्धत टिकून आहे.

तिसऱ्या टप्प्यात क्ले मॉडेल तयार होते. फोमच्या गाभ्यावर गरम करून मऊ केलेली औद्योगिक माती थापतात आणि ती थंड होऊन घट्ट झाली की धातूच्या पट्ट्यांनी व खरवडण्यांनी तासून पृष्ठभाग घडवतात. आरंभी हे मॉडेल एकास चार किंवा तत्सम प्रमाणात लहान असते आणि नंतर ते पूर्ण आकारात केले जाते. लहान मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक असेल, तर पूर्ण आकारात ती दोन मिलिमीटर होते. याहून महत्त्वाचे म्हणजे लहान प्रतिकृतीत डौलदार वाटलेली रेषा पूर्ण आकारात सपाट किंवा जड वाटू शकते, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची आणि अंतर प्रतिकृतीसोबत बदलत नाहीत. वायुबोगद्यातील चाचणीतही हीच अडचण येते: एक-चतुर्थांश आकाराच्या प्रतिकृतीभोवती हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोटारीसारखाच राहावा यासाठी, साधी हवा वापरल्यास वेग चौपट ठेवावा लागतो.

अखेरच्या टप्प्यात मॉडेलचे त्रिमितीय मापन करून संगणकावर अंतिम पृष्ठभाग तयार करतात. पृष्ठभागावर समांतर प्रकाशपट्ट्यांचे प्रतिबिंब पाडून पाहिले जाते. पट्टी कोठे मोडली किंवा लचकली, तर तेथील वक्रता जुळलेली नाही हे लगेच दिसते. त्यानंतर कोणते पत्रे मूळ मोटारीचेच वापरायचे आणि कोणत्यांसाठी नवे साचे करायचे याची यादी ठरते. साच्यांचा खर्च मोठा असल्याने बॉनेट, पुढची काच व पुढचे दरवाजे शक्यतो तेच ठेवले जातात.

उदाहरणे

टाटा इंडिगो सीएस

टाटा मोटर्सने डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका ही सुमारे ३.७ मीटर लांबीची मोटार सादर केली. तिच्यावर आधारित इंडिगो ही डिकी असलेली मोटार २००२ साली आली. इंडिगोची लांबी ४,१५० मिलिमीटर आणि व्हीलबेस २,४५० मिलिमीटर होता. २००६ च्या करनियमानंतर ही मोटार मर्यादेच्या १५० मिलिमीटर पलीकडे पडली.

२००८ च्या सुरुवातीस आलेल्या इंडिगो सीएसची लांबी ३,९८८ मिलिमीटर होती. व्हीलबेस, रुंदी व उंची यांना हात न लावता सर्व कपात ओव्हरहँगमधून, मुख्यतः मागील बाजूने करण्यात आली. त्यामुळे मागील प्रवाशांची जागा टिकली आणि डिकी लहान झाली. पेट्रोल आवृत्तीत १.२ लिटरचे इंजिन देऊन दुसरा निकषही पाळण्यात आला. चार मीटरखालील डिकीयुक्त मोटारींचा भारतातील वर्ग या मोटारीपासून सुरू झाला असे मानतात. पुढे मारुती सुझुकीने २०१२ साली स्विफ्ट डिझायरची लांबी ४,१६० वरून ३,९९५ मिलिमीटरवर आणली. त्या मोटारीत व्हीलबेस उलट ४० मिलिमीटरने वाढला आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली.

फोक्सवॅगन आमियो

चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची लांबी ३,९७१ मिलिमीटर होती, तर तिच्यापासून विकसित झालेल्या व्हेंटोची लांबी सुमारे ४.४ मीटर होती. २०१६ साली आलेली आमियो भारतीय बाजारासाठीच आखलेली होती आणि तिची लांबी ३,९९५ मिलिमीटर ठेवण्यात आली. म्हणजे डिकी नसलेल्या पोलोपेक्षा केवळ २४ मिलिमीटर अधिक लांबीत डिकी बसवायची होती. त्यासाठी पुढचा बंपर सुमारे ३५ मिलिमीटरने आखूड करण्यात आला. पुढून काढलेले हे मिलिमीटर मागच्या बाजूस मिळाले आणि ३३० लिटरची डिकी तयार झाली. व्हीलबेस पोलोइतकाच राहिला. आमियोचे उत्पादन २०२० साली थांबले.

स्कोडा कायलाक

नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेली कायलाक हीदेखील चाकण येथेच तयार होते. ती कुशाक या ४,२२५ मिलिमीटर लांबीच्या मोटारीच्या तळावर आधारित आहे. कायलाकची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे. येथे २३० मिलिमीटरच्या कपातीपैकी ८५ मिलिमीटर व्हीलबेसमधून आणि उरलेले १४५ मिलिमीटर दोन्ही ओव्हरहँगमधून काढण्यात आले. व्हीलबेस २,६५१ वरून २,५६६ मिलिमीटर झाला. मोटारीचा तळ आरंभापासूनच वेगवेगळ्या लांबीचा करता येईल अशा रीतीने आखलेला असल्याने हे शक्य झाले. एकाच ठिकाणी मोठी कपात करण्याऐवजी ती तिन्ही भागांत विभागली गेल्यामुळे मोटारीचे प्रमाण फारसे बिघडत नाही.

महाराष्ट्रातील अन्य मोटारी

महिंद्रच्या झायलो या ४,५२० मिलिमीटर लांबीच्या वाहनापासून २०१२ साली क्वांटो तयार झाले. त्याची लांबी ३,९८५ मिलिमीटर होती. व्हीलबेस मात्र झायलोइतकाच, २,७६० मिलिमीटर राहिला. ५३५ मिलिमीटरची ही कपात असामान्य होती. २०१९ साली आलेल्या एक्सयूव्ही३०० या मोटारीचा आधार सँगयाँग टिव्होली ही सुमारे ४.२ मीटर लांबीची कोरियन मोटार होती. लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणताना २,६०० मिलिमीटरचा व्हीलबेस कायम ठेवण्यात आला.

मापांची तुलना

लांबीतील व्हीलबेसचा वाटा पाहिल्यास लघुकरणाचे स्वरूप स्पष्ट होते.

इंडिगो: ४,१५० पैकी २,४५० मिलिमीटर, सुमारे ५९ टक्के
इंडिगो सीएस: ३,९८८ पैकी २,४५० मिलिमीटर, सुमारे ६१ टक्के
झायलो: ४,५२० पैकी २,७६० मिलिमीटर, सुमारे ६१ टक्के
क्वांटो: ३,९८५ पैकी २,७६० मिलिमीटर, सुमारे ६९ टक्के
कुशाक: ४,२२५ पैकी २,६५१ मिलिमीटर, सुमारे ६३ टक्के
कायलाक: ३,९९५ पैकी २,५६६ मिलिमीटर, सुमारे ६४ टक्के

प्रत्येक जोडीत हा वाटा वाढलेला आहे. म्हणजेच लहान झाला तो माणसाभोवतीचा भाग नव्हे, तर सामानाभोवतीचा. वाटा एक-दोन टक्क्यांनी वाढला तर डोळ्याला तो फारसा जाणवत नाही. क्वांटोसारखा आठ टक्क्यांनी वाढला की मोटार मागून छाटल्यासारखी दिसते.

परिणाम आणि मर्यादा

लघुकरणाचा पहिला परिणाम सामानाच्या जागेवर होतो. सणासुदीला गावी जाणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाला मोटारीत बसता येते, पण पाच जणांच्या बॅगा डिकीत मावत नाहीत. छतावर सामानाचा सांगाडा बसवला तर मोटारीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि हवेचा रोध वाढतो.

दुसरा परिणाम रूपावर होतो. छताची रेषा डिकीपर्यंत सौम्यपणे उतरायला लांबी लागते. ती नसल्यास मागील काच अधिक उभी होते आणि डिकी मोटारीला नंतर जोडल्यासारखी भासते. चार मीटरखालील आरंभीच्या अनेक डिकीयुक्त मोटारींवर हीच टीका झाली. पुढच्या पिढ्यांमध्ये रचनाकारांनी छताची रेषा मागील आसनाच्या आधीपासूनच उतरवायला सुरुवात करून आणि मागील दिवे, बाजूची काच व डिकीची कडा नव्याने आखून हा दोष कमी केला. सरळ पाठीच्या, एसयूव्ही धाटणीच्या मोटारींना ही अडचण मुळातच कमी भेडसावते, कारण त्यांत वेगळी डिकी दाखवावी लागत नाही.

तिसरा परिणाम वायुगतिकीय आहे. मागील तिरप्या पृष्ठभागाचा आडव्या रेषेशी होणारा कोन हवेच्या रोधावर मोठा प्रभाव टाकतो. मोटारीच्या सरलीकृत प्रतिकृतीवरील अहमद यांचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या विषयात आधारभूत मानले जातात. त्यांत हा कोन ३० अंशांच्या आसपास असताना रोध सर्वाधिक आढळला. छत आखूड करताना उतार या धोकादायक कोनाच्या जवळ जाणार नाही, हे पाहावे लागते.

चौथा आणि सर्वांत गंभीर परिणाम सुरक्षिततेशी संबंधित आहे. धडकेच्या वेळी मोटार जितक्या अंतरात चेपते, तितक्या अंतरात प्रवाशाचा वेग शून्यावर येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ०.६ मीटर अंतरात थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या सुमारे १६ पट असते, अंतर ०.५ मीटर झाले तर ते सुमारे २० पट होते. दहा सेंटिमीटरची किंमत येथे शरीराला मोजावी लागते. म्हणून ओव्हरहँग कमी केल्यास आतील सांगाड्यात अधिक मजबूत पोलाद वापरणे, तुळयांचा आकार बदलणे आणि सुरक्षापट्टे व हवापिशव्यांची वेळ नव्याने ठरवणे आवश्यक असते. आखूड मोटार असुरक्षितच असते असे नाही. एक्सयूव्ही३०० हिला २०२० साली ग्लोबल एनकॅपच्या, तर कायलाकला २०२५ साली भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. मात्र ती सुरक्षितता मूळ मोटारीकडून आपोआप वारशाने मिळत नाही, ती स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.

पर्यायी मार्ग: आतून बाहेर आरेखन

मोठी आकृती लहान करण्याऐवजी लहान आकृती मुळापासून आखणे हा दुसरा मार्ग आहे. पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात विकसित झालेली टाटा नॅनो हे त्याचे ठळक उदाहरण होय. १० जानेवारी २००८ रोजी नवी दिल्लीत सादर झालेल्या या मोटारीची लांबी ३,०९९ मिलिमीटर, तर व्हीलबेस २,२३० मिलिमीटर होता. व्हीलबेसचा वाटा सुमारे ७२ टक्के येतो. दोन सिलिंडरचे इंजिन मागे ठेवून चाके चारही कोपऱ्यांकडे सरकवल्यामुळे दोन्ही ओव्हरहँग अत्यंत आखूड राहिले. १,६५२ मिलिमीटर उंचीमुळे प्रवासी ताठ बसू शकत होते. ताठ बसलेल्या माणसाला पाय पसरून बसलेल्या माणसापेक्षा आडवी जागा कमी लागते. नॅनोची बाह्यरेषा उंच व घुमटाकार दिसते ती यामुळे. तिच्यात सामानाची जागा अल्प होती, परंतु तिच्या रेषेत छाटल्याची खूण नव्हती, कारण छाटण्यासाठी मूळ मोटारच नव्हती.

अन्य क्षेत्रांतील समान प्रश्न

आकृती लहान होते पण वापरणारा माणूस लहान होत नाही, ही अडचण मोटारींपुरती मर्यादित नाही. लाटांवर स्वार होण्याच्या सर्फबोर्डचे कारागीर जुन्या फळीच्या बाह्यरेषेवरून आखूड फळी घडवतात, तेव्हा त्यांनाही हाच हिशेब करावा लागतो. ७८ इंच लांब व २० इंच रुंद फळी एकसमान गुणकाने ७० इंचांवर आणली, तर रुंदी १८ इंचांच्याही खाली येते आणि घनफळ मूळच्या सुमारे ७२ टक्केच उरते. स्वाराचे वजन तेवढेच असल्याने अशी फळी त्याला पेलत नाही. म्हणून रुंदी व जाडी बहुतांशी राखून केवळ टोकांकडील वक्ररेषा नव्याने काढल्या जातात.

शिवणकामातही मोठ्या मापाच्या कागदी नमुन्यावरून लहान माप काढताना छाती, खांदा, गळा आणि बाहीची लांबी वेगवेगळ्या प्रमाणात कमी करतात. गळा छातीच्या प्रमाणात आवळला तर डोके आत जात नाही. शिंपी हे अनुभवाने जाणतो; मोटारीचा रचनाकार तेच कंबरेच्या बिंदूपासून मोजून ठरवतो. लघुकरणात गुणक नंतर येतो. जे लहान करता येत नाही त्याची यादी आधी करावी लागते.